समतेचे वचन आणि त्याची वसुली



आज आम्ही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गिरणी कामगाराला अमेरिका कशाला हवी? पण ज्या देशात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले, त्या देशाचा पाया कशावर उभा आहे, हे आपल्याला ठाऊक असावे.

४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फिया शहरात तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींनी हा जाहीरनामा मंजूर केला. मसुदा थॉमस जेफर्सन यांचा. पुढे ५६ जणांनी सह्या केल्या. इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या तक्रारींची त्यात लांबलचक यादी आहे. ती आज कुणाला आठवत नाही. आठवते ते सुरुवातीचे म्हणणे. सर्व माणसे समान आहेत. जगण्याचा, स्वातंत्र्याचा आणि सुख शोधण्याचा त्यांचा हक्क कुणी हिरावून घेऊ शकत नाही. सरकारला सत्ता मिळते ती जनतेच्या संमतीने; सरकार हे हक्क मोडू लागले तर ते बदलण्याचा अधिकार जनतेला आहे.

पण मंडळी, खरी गोम पुढेच आहे. हे लिहिणाऱ्या जेफर्सन यांच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध होता, तोही सभेने काढून टाकला. म्हणजे 'सर्व माणसे' म्हणायचे आणि काळ्या माणसाला वगळायचे! आपल्याला हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार सारे एक अशी घोषणा होई, पण आमच्या आजोबांच्या पिढीला विणखात्यात शिरकाव नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे.

मग असा कागद फाडून टाकावा काय? बेंजामिन बॅनेकर यांनी तो फाडला नाही. हा मेरीलँडचा काळा शेतकरी. उसनी पुस्तके आणून खगोलशास्त्र शिकला, पंचांग तयार केले. १७९१ मध्ये त्यांनी जेफर्सन यांना पत्र लिहून त्यांचेच शब्द त्यांच्यापुढे ठेवले आणि विचारले, तुम्ही असे लिहिता, मग आमच्या बांधवांना गुलामीत का ठेवता? उत्तर सभ्य आले. गुलाम मात्र सुटले नाहीत. पण मागणीची नोंद झाली. १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथे स्त्रियांनी तोच जाहीरनामा घेऊन त्यात 'स्त्री' हा शब्द घातला. १८५२ मध्ये, पूर्वी स्वतः गुलाम असलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी भर सभेत विचारले, तुमचा हा ४ जुलैचा सण गुलामाच्या काय कामाचा? मोठे यादवी युद्ध झाले, तेव्हा कुठे १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामी संपली. तरी भेदभाव उरलाच. म्हणून १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्या जाहीरनाम्याला वचनचिठ्ठी म्हटले. देशाने काळ्या लोकांचे पैसे चुकते केलेले नाहीत, असे बजावले. १९६६ च्या ब्लॅक पँथरच्या मागण्यांच्या शेवटीही त्याच जाहीरनाम्यातला मजकूर आहे. त्यांच्या नावावरूनच १९७२ मध्ये आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

वचनचिठ्ठी म्हणजे काय, ते आम्हाला चांगले ठाऊक आहे. आमची गिरणी बंद पडली तेव्हा हिशेबाच्या पैशांसाठी वर्षानुवर्षे खेटे घातले. ज्यांनी हजेरीकार्ड आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या, त्यांना निदान भांडता आले. ज्यांनी रागाने फेकून दिल्या, त्यांच्या हाती काय राहिले?

जाहीरनाम्याचे मोल ते इथे आहे. लिहिणारे मोठे होते म्हणून तो टिकला नाही. ज्यांना वगळले, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो दाखवून मागणी केली, म्हणून टिकला. आपल्यालाही बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी सावध केले होते की राजकारणात समता येईल, पण समाजात आणि पोटापाण्यात विषमताच राहील. तेव्हा घटनेची उद्देशिका भिंतीवर नुसती टांगू नका. घरात मोठ्याने वाचा, मुलांना अर्थ सांगा आणि वसुलीला निघताना सोबत घ्या.