काम शाळेच्या जोडीने, शाळेच्या जागी नव्हे

आज आपण घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींबद्दल बोलू. सध्या घरोघरी ओढाताण आहे. कंपनीत कंत्राटावर असलेल्या माणसाला आज काम असतं, उद्याचं सांगता येत नाही. भात वर्षातून एकदाच पैसा दाखवतो, किराणा मात्र दर महिन्याला लागतो. मग गटाच्या बैठकीत प्रश्न निघतोच, "पोरगं दहावीला आहे, रविवारचं कामाला पाठवलं तर चालेल का?"

आम्ही म्हणतो, चालेल. पण काम शाळेच्या जोडीने चालावं, शाळेच्या जागी नव्हे.

कमवत शिकणं आपल्याला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची गरीब मुलं तिथे एकत्र राहायची, श्रम करायची आणि शिकायची. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. तिथे श्रम शिक्षणासाठी होते, हे लक्षात ठेवा. आजही पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कर्मवीरांच्या नावाने 'कमवा व शिका' योजना चालते. मूल कॉलेजात गेलं की तिथे चौकशी जरूर करा.

थोड्या कामाने मूल बरंच शिकतं. वेळेवर पोचणं, गिऱ्हाइकाशी नीट बोलणं, हिशोब लिहिणं. शंभर रुपये मिळवायला किती वेळ उभं राहावं लागतं, हे कळलं की मोबाईलच्या रिचार्जचा हट्टही कमी होतो. स्टेशनरीचं दुकान, रोपवाटिका, आपल्याच गटाच्या मसाल्याचं पॅकिंग, लहान मुलांची शिकवणी, अशी कामं आपल्या भागात मिळतात.

आता कायदा ऐका. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुणाकडेही कामाला ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामात हातभार लावला तर चालतो, तोही धोक्याच्या कामात नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना खाण, स्फोटकं, घातक रसायनं अशी धोक्याची कामं बंद आहेत. बाकी ठिकाणी सलग तीन तासांहून जास्त काम नको, मग तासभर विश्रांती हवी. विश्रांती धरून दिवसाचे सहा तास. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आत काम नाही. आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे पावसाळ्यात पर्यटकांची गर्दी झाली म्हणून पोराला रात्री अकरापर्यंत हॉटेलात थांबवणं कायद्यात बसत नाही. कुणी मुलाला राबवत असेल, तर 1098 वर फोन करा. तो फुकट लागतो.

आता मुलींचं. मुलगा रविवारी दुकानात उभा राहिला की त्याचं कौतुक होतं. मुलगी भाकऱ्या थापते, धाकट्याला सांभाळते, लावणीला चिखलात वाकते, त्याला आपण काम म्हणतच नाही. तिला बाहेरचं काम मिळालं, तर घरातलं थोडं काम भावाने उचलायला हवं. नाहीतर तिच्या वाट्याला अभ्यासाची वेळच उरणार नाही. आणि दहावीनंतर "आता कमावतेच आहे, कशाला पुढे शिकवायचं?" हे वाक्य घरात निघालं, तर तिथेच अडवा. मुली इथेच गळतात, आणि मग लग्नाचीच बोलणी सुरू होतात.

पैशाचंही ठरवून ठेवा. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेत स्वतः चालवायचं बचत खातं काढता येतं. समजा, महिन्याला बाराशे मिळाले. अडचण असेल तर काही घरात घ्या, पण मुलाला विचारून. निदान निम्मे तिच्या किंवा त्याच्या खात्यात राहू द्या. अकरावीची फी, पुस्तकं त्यातून निघतील.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढं करा: आपल्यातली कोणाची मुलं कुठे कामाला जातात, किती वाजता परततात आणि या महिन्यात शाळा किती दिवस बुडली, हे वहीत लिहा. शाळा बुडायला लागली असेल, तर त्या घरी दोघीजणी जाऊन बसा. कर्जाचा हप्ता चुकला की आपण जातोच ना? तसंच.