हा वेळ कोणाचा?



आपली मंडळी लहान. पंधरा-वीस घरे. रविवारी घंटा होते नऊला आणि आपण जमतो साडेनऊला. लवकर आलेल्या आजीबाई तोवर पायरीवर बसून राहतात. त्यांचा तो अर्धा तास कोणी घेतला? आपणच की! पैसे घेतले असते, तर परत तरी दिले असते.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाई आठवा. मुक्तिसदनात शेकडो बायामुली. त्यांचे जेवणखाण, दुखणीखुपणी सारे पाहायचे. तरी बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. सगळे पवित्र शास्त्र त्यांनी सोप्या मराठीत आणले. पुष्कळ वर्षे लागली. 1922 साली त्या वारल्या, त्याच्या थोडेच आधी काम पुरे झाले. एका दिवसात किती होत असेल? थोडेसेच. पण रोज.

आपल्याला एवढे कुठले जमायला! पण दिवेलागणीनंतर अर्धा तास बसू. येते त्याने वाचावे, येत नाही त्याने अक्षरे गिरवावी. दोघांनी आजाऱ्याच्या घरी जाऊन यावे. कोणाची पिकाला पाणी द्यायची पाळी असेल, तर त्याने खुशाल शेतावर जावे. तेही प्रभूचेच काम.

उद्या सातला पाटी घेऊन या. आजीबाईंना आणायला कोण जाणार, ते आताच सांगा.