हद्रमौत ते मराठवाडा



कार्लोस मेनेम १९८९ ते १९९९ अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष होते. आईवडील सीरियातल्या याब्रूदचे, मुसलमान. पण राष्ट्राध्यक्ष कॅथलिकच हवा असे तिथली घटना १९९४पर्यंत सांगत होती, आणि मेनेम त्याआधीच कॅथलिक झालेले होते. सीरियातून तिकडे गेलेल्या पुष्कळ अरबांनी पाठीवर गाठोडे घेऊन फेरीचा धंदा केला, मग दुकान थाटले, मग राजकारणात शिरले.

आपल्याकडचे अरब आले ते बंदूक घेऊन. चाऊस आडनावाचे कोणी ना कोणी आपणा सर्वांच्या ओळखीचे असेल. त्यांचे पूर्वज येमेनमधल्या हद्रमौतचे. तिथे पाऊस नाममात्र, शेती तुटपुंजी. इथल्या दरबारांना भाडोत्री शिपाई हवे होते. पेशवे, नागपूरकर भोसले, बडोद्याचे गायकवाड, सगळ्यांच्या पदरी अरब होते. १८१८ साली मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढवला तो अरबांनीच. पुढच्याच वर्षी हदगावकडे निजामाविरुद्ध उठलेल्या नौसाजी नाईकांच्या गढीत शेकडो अरब लढले आणि बहुतेक कापले गेले.

मराठेशाही संपल्यावर उरला निजाम. तिथे अरब जमादार, म्हणजे अरब पथकांचे म्होरके, असे गब्बर झाले की राज्यालाच कर्ज देऊ लागले आणि तारणात तालुके घेऊन बसले. कुळाने हप्ता चुकवला की वसुलीला दारात अरब! १८५३मध्ये दिवाण झालेल्या सालारजंगांनी हे तालुके सोडवले, अरबांचा जोर मोडला. यातल्याच एका जमादाराच्या, उमर बिन अवद कुऐतीच्या, वंशजांनी हैदराबादच्या पैशावर मायदेशी मुकल्ल्याचे राज्य उभे केले आणि ते १९६७पर्यंत चालवले. दख्खनच्या शेतसाऱ्याचा पैसा अरबी समुद्रापलीकडे असा मुरला.

सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थानावर झालेल्या पोलीस ॲक्शननंतर मात्र पारडे फिरले. अरबांना छावण्यांत डांबले, अनेकांना देशाबाहेर धाडायचे ठरले. निजामाच्या बाजूने लढलेले त्यांत होते, हे खरेच. पण पुष्कळांचा जन्म इथला, बायका इथल्या, आणि ज्या हद्रमौतला त्यांना पाठवायचे तिथे त्याच सुमाराला दुष्काळ. हैदराबादहून जाणारा पैसा आटल्याने तो आणखी भीषण झाला. जन्माने इथल्या माणसाला परका ठरवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

जे राहिले ते इथलेच झाले. अरबी गेली, घरात दखनी आणि बाजारात मराठी आली. नावात 'बिन', म्हणजे 'अमक्याचा मुलगा', मात्र टिकला. तोही परका नाही: जुन्या मराठी दस्तांत आपल्या कुणबी-मराठ्यांची नावेही याच घाटणीची सापडतात. हैदराबादच्या बारकस या अरब वस्तीत लग्नात अजून मरफा, म्हणजे अरबी ढोलताशा, वाजतो.

मेनेमवर ग्रंथ निघाले. आपल्या चाऊस घराण्यांचा इतिहास मराठीत कोणी नीट लिहिलेला मला दिसला नाही. सभागृहात विद्यार्थी आहेत, त्यांना विनंती: शेजारच्या चाऊस आजोबांकडे जा, पेटीतल्या उर्दू सनदा पाहा, त्यांच्याकडून वाचून घ्या आणि लिहून काढा.