आतड्याचे आरोग्य आणि रेशनचे धान्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या अध्यापकाने आतड्याविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु आतडे हा विषय आपल्या अर्थशास्त्रात पूर्वीच येऊन गेलेला आहे. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्यासंबंधीचा आपला सुप्रसिद्ध अभ्यास प्रसिद्ध केला आणि दररोज दरडोई २,२५० कॅलरींचा आहार हा त्यात मापदंड धरला. पां. वा. सुखात्मे यांना हे मोजमाप मान्य नव्हते. माणसाच्या पोटात किती अन्न जाते एवढे मोजून भागत नाही; दूषित पाण्यामुळे आतड्याला वारंवार संसर्ग होत असेल तर खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते हा त्यांचा युक्तिवाद मात्र दांडेकरांनी खोडून काढला. त्याच्या आधारे गरिबांची संख्या कागदावर कमी करता येईल, ही त्यांची भीती रास्तच होती. त्या वादातून घेण्याजोगा धडा असा की, आतड्याचे आरोग्य हे ताट, पाणी आणि मजुरी या तिहींवर अवलंबून असते.

आज हाच विषय औषधाच्या दुकानातून आपल्यापुढे येत आहे. पोट साफ होत नाही, अन्न पचत नाही, थकवा येतो, अशा प्रत्येक तक्रारीवर ‘प्रोबायोटिक’ नावाच्या कॅप्सूल आणि चोथ्याच्या भुकट्या विकल्या जातात. महिन्याभराच्या कॅप्सूल घ्यायच्या तर शेतमजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी सहज खर्ची पडते. एवढे पैसे मोजून त्याच्या पदरात काय पडते, हे पाहिले पाहिजे.

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्या व फळे यांतील जो चोथा आपल्याला पचविता येत नाही, त्यातील बराचसा भाग हे जीवाणू आंबवितात. त्यातून जी आम्ले तयार होतात, त्यांपैकी ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन होय. म्हणजे जीवाणूंना अन्न मिळाले तर ते आपल्या आतड्याला पोसतात. बाहेरून आणलेले जीवाणू कॅप्सूलमधून पोटात सोडले आणि जेवण मात्र मैदा व पांढऱ्या भाताचेच राहिले, तर गोठ्यात गाय आणून बांधावी आणि वैरण घालू नये, तसे होईल. अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली उपलब्ध पुराव्यांची छाननी केली. मोजक्या वैद्यकीय परिस्थिती वगळता बहुतेक पचनविकारांसाठी अशा कॅप्सूलांची शिफारस करण्याइतका पुरावा तिला आढळला नाही. डेनिस बर्किट या आयरिश शल्यवैद्याने युगांडात दीर्घकाळ काम केले होते. भरड अन्न खाणाऱ्या आफ्रिकी ग्रामीण जनतेत मोठ्या आतड्याचे कित्येक विकार विरळा आढळतात, याकडे त्याने १९७० च्या दशकातच जगाचे लक्ष वेधले होते.

आता आपल्या ताटाकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. बाजरी, नाचणी आणि गव्हाचे कोंड्यासह दळलेले पीठ यांत तो सुमारे ११ ग्रॅम असतो. गिरणीत सडलेला पांढरा तांदूळ आणि मैदा यांत मात्र तो ३ ग्रॅमहून कमी भरतो. अख्ख्या हरभऱ्यात सुमारे २५ ग्रॅम चोथा असतो. भाकरी, मटकीची उसळ, शेपू वा अंबाडीची भाजी आणि वाटीभर ताक यांत आतड्याला हवे ते जवळजवळ सर्व आले. यासाठी कोणाचे पेटंट लागत नाही, आणि म्हणूनच त्याची जाहिरातही कोणी करीत नाही.

मग लोक हे का खात नाहीत? त्यांना ज्ञान नाही, असे उत्तर सुशिक्षित मंडळी झटकन देतात. ते उत्तर खोटे आहे. हरित क्रांतीपासून सरकारने गहू आणि तांदूळ यांची हमखास व प्रचंड प्रमाणावर खरेदी केली. ज्वारी-बाजरीचे हमीभाव दरवर्षी जाहीर होतात, परंतु तशी खरेदी त्यांच्या वाट्याला आली नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर ठरविला. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी हे धान्य विनामूल्य ठेवण्यात आले. पण भरडधान्य कायद्यातच राहिले. काही ठिकाणचा अपवाद सोडला तर रेशन दुकानात ते क्वचितच दिसते. एकीकडे फुकटचा तांदूळ आणि दुसरीकडे बाजारभावाची ज्वारी! अशा वेळी गरीब कुटुंब ज्वारी सोडते ते अडाणीपणाने नव्हे, हिशेबाने.

तांदळाचा कोंडा गिरणीत काढून टाकावयाचा आणि मग त्याच तांदळात लोह, फॉलिक आम्ल व बी-१२ मिसळलेले कण घालावयाचे, अशी योजना २०२१ साली घोषित झाली. त्यातून लोह येईल, पण काढलेला चोथा परत येत नाही. ताटातले काढून घेऊन त्याचा काही अंश गोळीच्या रूपाने परत करणारे हे अर्थशास्त्र आहे.

येथे दोन इशारे दिले पाहिजेत. पहिला असा की, औषधाला आपला विरोध नाही. गरोदर स्त्रीने लोहाच्या गोळ्या अवश्य घ्याव्यात. जुलाब होणाऱ्या मुलाला क्षार-साखरेचे द्रावण द्यावे. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. दुसरा इशारा असा की, पूर्वीच्या गरिबीचे गोडवे गाऊ नयेत. भाकरी खाणाऱ्या त्याच खेड्यांत पटकी आणि हगवणीने मुले मरत होती. शिवाय भाकरीमागे बाईचे श्रम असतात. दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईला ‘पाव खाऊ नका, भाकऱ्या थापा’ असा उपदेश करणे हा निव्वळ निर्दयपणा होय. पुरुष कार्यकर्त्यांनी आधी आपल्या घरी परातीपुढे बसावे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. ज्वारी, बाजरी व नाचणी यांची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी करून ती त्या त्या जिल्ह्यातील रेशन दुकानात द्यावी, आणि त्यासोबत डाळही द्यावी. शाळेच्या पोषण आहारात व अंगणवाडीत उसळ आणि भरडधान्य नियमित असावे. बचत गटांच्या स्त्रियांना भाकरी केंद्रे चालविण्यासाठी भांडवल आणि रास्त मोबदला मिळावा. आणि प्रत्येक वस्तीला शुद्ध पाणी मिळावे, कारण त्यावाचून बाकीचे सारे वाया जाते. घरापुरती सुरुवात मात्र उद्यापासून करता येईल : रेशनचा गहू दळून आणल्यावर कोंडा चाळून फेकू नये, आणि आठवड्यातून जितके दिवस जमेल तितके दिवस मोड आलेली कडधान्ये शिजवावीत.

पुढच्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एका रेशन दुकानाची पाहणी करावी. तेथे वर्षभरात भरडधान्य किती वेळा आले, याची कार्डधारकांकडून नोंद घ्यावी आणि ती नोंद घेऊन तहसील कचेरीत जावे. १ रुपया किलोचे भरडधान्य संसदेने कायद्यात लिहून ठेवले आहे. ते ताटात आणणे हे आपले काम आहे.