रजा आणि कार्यभार

म्हैसूरच्या नजरबाद भागात ‘गव्हर्नमेंट हाऊस’ ही जुनी वास्तू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती कंपनी सरकारच्या रेसिडेंटसाठी बांधण्यात आली. १८०३ मध्ये म्हैसूरच्या रेसिडेंटपदी जॉन माल्कम यांची नेमणूक झाली. परंतु त्याच वर्षी मराठ्यांशी युद्ध जुंपले आणि त्यांचा बराच काळ आर्थर वेलस्लीच्या छावणीत व शिंद्यांशी तह करण्यात गेला. त्या काळात म्हैसूरचे काम मार्क विल्क्स पाहत होते. ही काही सुट्टी नव्हती. पण तीमागील तत्त्व सुट्टीलाही लागू पडते. पद रिकामे राहत नाही, म्हणूनच पदाधिकाऱ्याला दूर जाता येते.

श्रोतेहो, आपल्या कचेऱ्यांनी हे तत्त्व पुढे चालवले. रजेवर जाणारा कार्यभार सोपवी. टपाल पदनामाने येई आणि प्रभारी ते उघडी. ईमेलने हा क्रम मोडला. पत्ता व्यक्तीच्या नावाचा आणि संकेतशब्द तिच्याच जवळ! मग पुण्याहून म्हैसूरला आलेला कर्मचारी चामुंडी टेकडीवरही कचेरीचा एकमेव किल्लीदार ठरतो. एका पत्राला त्याने उत्तर दिले की दुसरे येते, कारण तो उपलब्ध असल्याचे आता सर्वांना कळलेले असते. रजा कागदावर उरते.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याचा हक्क कायद्यात आला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी अशाच हक्काचे विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये मांडले. मात्र ते खासगी विधेयक आहे आणि १९७० नंतर अशा एकाही विधेयकाचा कायदा झालेला नाही.

तोवर कचेऱ्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. जर्मनीतील डाइमलर कंपनीने २०१४ च्या सुमारास एक सोय केली. कर्मचाऱ्याची इच्छा असेल, तर त्याच्या सुट्टीत आलेली पत्रे आपोआप पुसली जात आणि पाठवणाऱ्याला बदली व्यक्तीचे नाव कळवले जाई. हे कठोर वाटेल. परंतु त्यामुळे काम अडत नाही, ते योग्य दारी जाते.

जेथे माणूस एकटाच आहे, तेथे प्रभारी कोठून आणावा? त्याने दिवसातील एक ठराविक वेळ आधी जाहीर करावी आणि ती मोडू नये. परंतु जेथे दहा माणसे आहेत, तेथे दोष रजेवरील माणसाच्या दुबळ्या मनाचा नसतो. त्याच्या जागी कोणाचेच नाव न लिहिणाऱ्या व्यवस्थेचा असतो.