घरची शाळा आणि भाषेचा अभ्यास

बंगळूर शहराच्या आग्नेयेस सर्जापूर गावाकडे जाणारा एक रस्ता आहे. एके काळी ज्याच्या दोहो बाजूंना शेते आणि तळी होती, तो हा सर्जापूर रोड आज उंच इमारतींनी आणि संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्यांनी गजबजून गेला आहे. विप्रो कंपनीचे मुख्यालय याच रस्त्यावर आहे. पुढे सर्जापूरजवळ अझीम प्रेमजी विद्यापीठाचे आवार आहे. देशाच्या सर्व प्रांतांतून सुशिक्षित माणसे येथे येऊन स्थायिक झाली, त्यांत मराठी कुटुंबेही आली. अशा वस्तीत आपल्या मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवावे, असा विचार करणारे आईबाप आता दुर्मिळ राहिलेले नाहीत. मूल असामान्य बुद्धीचे असेल, तर हा विचार अधिकच बळावतो.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले, तर 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क दिला. घरच्या शिक्षणाची स्वतंत्र तरतूद मात्र त्यात नाही. पुढे परीक्षेची वाट मोकळी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते आणि तिच्या विषयांत मराठीही आहे, कन्नडही आहे. तेव्हा खरी अडचण परीक्षेची नव्हे. मधल्या वर्षांत शिकवावयाचे काय, ही आहे.

गणितात पुढे गेलेल्या मुलाच्या हाती पुढचे पुस्तक देता येते, कारण गणिताला पायऱ्या आहेत. भाषेच्या पायऱ्या इतक्या स्पष्ट नसतात. नऊ वर्षांची मुलगी प्रौढांची कादंबरी वाचून संपवते, तिला शब्द कळतात, कथानक कळते. परंतु ज्या अनुभवातून ते लेखन उतरले, तो तिच्यापाशी नसतो. आईबाप मात्र कौतुकाने पुढच्या इयत्तेचे पुस्तक आणतात, ते संपले की त्याच्या पुढचे. दहाव्या वर्षी दहावीचे पुस्तक संपते आणि मग प्रश्न उभा राहतो, की आता काय? वेग हीच प्रगती मानली, की भाषेचा अभ्यास या ठिकाणी येऊन थांबतो.

या प्रश्नाचा विचार करताना एका मराठी घराची आठवण होणे अपरिहार्य आहे. आणि ते घर आजच्या कर्नाटकाच्याच भूमीवर, सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात होते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवले. स्त्रीला देववाणी शिकवणे समाजाला रुचेना, म्हणून त्यांनी अरण्यवास पत्करला. तेथे 1858 साली त्यांना कन्या झाली. तीच पंडिता रमाबाई. बालपणी रमाबाई कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. आठव्या वर्षापासून सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत त्यांच्या आईने त्यांना शिकवले. दिवसभराची कामे आणि नित्याचे प्रवास सांभाळून निवांत वेळ मिळे तो पहाटेचाच. तेव्हा लहानग्या मुलीला जागे करून पाठ सुरू होत.

या घरच्या शाळेची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. पहिले अंग पाठांतराचे. भागवतासारख्या ग्रंथांतील हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. दुसरे अंग व्याकरणाचे. तिसरे अंग श्रोत्यांचे. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगे, आणि मुखातून निघालेला प्रत्येक शब्द लोकांसमोर खरा ठरावा लागे. चौथे अंग परिसराचे. कन्नड, हिंदुस्थानी आणि बंगाली या भाषा रमाबाईंनी प्रवासात आत्मसात केल्या. मराठीचे मात्र स्वतंत्र पाठ झालेच नाहीत. आईवडील शुद्ध मराठी बोलत, मराठी पुस्तके आणि वृत्तपत्रे वाचीत. तेवढ्यावर ती भाषा मुलीला आली. आपल्या आईने आपले मन असे घडवले, की पुढचे शिक्षण फारशा मदतीवाचून आपले आपल्याला चालवता यावे, अशी कृतज्ञता रमाबाईंनी पुढे आत्मनिवेदनात व्यक्त केली आहे. घरच्या शिक्षणाचे याहून नेमके उद्दिष्ट सांगणे कठीण आहे.

1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुण स्त्रीची विद्वत्ता पारखून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरवले. तथापि त्या घराचा दोषही लपवण्याचे कारण नाही. अनंतशास्त्र्यांनी मुलांना बाहेरच्या जगापासून दूर राखले, अर्थार्जनाची विद्या दिली नाही. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईबाप गेले, तेव्हा मुलांच्या हाती पोट भरण्याचे साधन नव्हते, आणि भावाबहिणींना उपाशीपोटी शेकडो कोस पायपीट करावी लागली. भाषेने समृद्ध झालेले घरही एकाकी असू शकते.

हाच इशारा दूरच्या इंग्लंडातूनही मिळतो. जॉन स्टुअर्ट मिल हा तत्त्वज्ञ घरीच वडिलांपाशी शिकला. तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन, असा त्याचा क्रम होता. परंतु 1826 साली, विशीत असताना, त्याला घोर औदासीन्याने ग्रासले. विश्लेषणाच्या सवयीने आपल्या भावना सुकून गेल्या, असे त्याला वाटले. पुढे त्याला आधार मिळाला तो वर्डस्वर्थच्या कवितेचा. भाषा केवळ तर्काचे हत्यार म्हणून शिकवली, तर तिचा अर्धा भाग शिकवायचा राहून जातो.

आता सर्जापूर रोडवरील घराकडे वळावे. तेथील बुद्धिमान मुलाचे इंग्रजी आपोआप पुढे धावते, कारण पुस्तके, खेळ आणि सोबती त्याच भाषेत असतात. मराठी मात्र ‘जेवायला ये’, ‘पाणी दे’ एवढ्यावर थांबते. मुलाची बुद्धी पंधरा वर्षांची आणि त्याची मराठी पाच वर्षांची, अशी विषमता उत्पन्न होते. गावाकडून आलेल्या आजीपाशी मनातील गुंतागुंतीची गोष्ट त्याला बोलता येत नाही; शब्द अपुरे पडतात, आणि पुढे बोलावेसेच वाटत नाही. भाषेचा उच्च अभ्यास योजताना ही दरी प्रथम लक्षात घ्यावयास हवी. तिच्यावरचा पहिला उपायही डोंगऱ्यांच्या घरातलाच आहे. आईबापांचे बोलणे हेच पहिले पाठ्यपुस्तक. अर्धे वाक्य मराठी आणि अर्धे इंग्रजी असे बोलणाऱ्या घरात मूल पूर्ण वाक्य शिकणार कोठून?

वाचनाच्या योजनेत संख्या कमी आणि मुक्काम लांब असावा. ‘स्मृतिचित्रे’, ‘बनगरवाडी’, ‘ऋतुचक्र’ यांसारखे एकेक पुस्तक महिनाभर घरात नांदावे. त्यातील उतारे मोठ्याने वाचले जावेत, काही पाठही व्हावेत. लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख लग्नानंतर पतीकडून झाली, हे कळले, की त्या साध्या वाक्यांचे मोल मुलाला निराळेच वाटू लागते. लेखनाचे विषय दूर शोधण्याची गरज नाही. कैकोंड्रहळ्ळीचे तळे याच रस्त्यावर आहे. तेथे आठवड्यातून एकदा जाऊन, पाणी, पक्षी आणि माणसे पाहून, दहाच ओळी लिहाव्यात, परंतु त्यांत ऐकीव विशेषण एकही नसावे. दहा ओळींचे तिसऱ्यांदा केलेले लेखन हे पहिल्या झपाट्यात लिहिलेल्या दहा पानांहून अधिक शिकवते.

कन्नडला या योजनेत पाहुणी मानू नये. भाजीवाल्याशी, रखवालदाराशी ज्या भाषेत बोलायचे, ती लिहिता-वाचताही यावी. ज्यांची मातृभाषा मराठी, ते धारवाडचे द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले आणि त्यांना 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. एकच छोटा उतारा मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत उतरवून पाहिला, म्हणजे प्रत्येक भाषा काय सहज सांगते आणि कोठे अडखळते, हे मुलाला स्वतःच दिसू लागते. व्याकरण शिकवण्याची ही उत्तम रीत होय.

शेवटची गोष्ट परीक्षकाची. आईबापांचे प्रेम चुका झाकते, किंवा अपेक्षेपायी नको तितक्या उघड्या करते. म्हणून मुलाचे लेखन घराबाहेरच्या एका जाणत्या वाचकाने नियमितपणे वाचावे, आणि महिन्यातून एकदा तरी मुलाने शेजारच्या लहानमोठ्यांपुढे काही वाचून दाखवावे किंवा सांगावे. ऐकणाऱ्याचा चेहरा कोठे उजळला आणि कोठे कंटाळला, हे जे शिकवते, ते कोणतेही पाठ्यपुस्तक शिकवू शकत नाही.

रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि 1922 साली मृत्यू येईपर्यंत त्या कामाला वाहून घेतले. हिब्रू आणि ग्रीक त्यांना पहाटेच्या पाठात कोणी शिकवली नव्हती. आणि ज्या मराठीत त्यांनी हे काम केले, तिचेही पाठ कोणी दिले नव्हते. घराने त्यांना शिकण्याचे बळ दिले आणि कानावर चांगली भाषा घातली. प्रज्ञावान मुलाच्या आईबापांनी योजना आखताना वर्षाच्या शेवटी एवढेच पाहावे, की मागील वर्षी जे त्याला समजावून द्यावे लागत होते, ते आता तो आपले आपण शोधतो काय. तसे होत असेल, तर कितवे पुस्तक चालू आहे, याची चिंता करण्याचे कारण नाही.