मुलीने कुठे सही केली होती?



पोटगी म्हणजे काय, संमतीने घटस्फोट कसा होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. घटस्फोटाचा निकाल अंतिम असतो, मुलाच्या पोटगीचा आकडा अंतिम नसतो, एवढंच सांगायला मी आले आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ने तो आकडा पुढेही बदलता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १२७च्या जागी १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ आलं. परिस्थिती बदलली की रक्कम बदलते, हे तेही सांगतं.

डोंबिवलीच्या एक बाई माझ्याकडे आल्या. मुलगी चार वर्षांची असताना ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात कन्सेंट टर्म्स, म्हणजे संमतीच्या अटी, झाल्या: मुलीला महिना ५,०००. मुलगी दहावीत गेली, तरी ५,०००च. ‘अर्ज का नाही केलात?’ ‘मी सही केली होती ना!’ अहो, मुलीने कुठे सही केली होती? (टाळ्या) आईने स्वतःचा हक्क सोडला, तरी लेकराचा सोडायचा अधिकार तिला नाही. त्यांच्या पिशवीत बालवाडीपासूनच्या पावत्या होत्या. फीच्या, वह्यांच्या, बुटांच्यासुद्धा. बुटांचा नंबर ९, ११, मग मोठ्यांचा २, ४. परिस्थितीतला बदल याहून वेगळा काय असतो? पण वाढ सहसा अर्जाच्या तारखेपासून धरतात. आधीची वर्षं गेली ती गेलीच.

पुढच्या रांगेतले काका विचारताहेत, ‘बापाच्या चपलांच्या पावत्या कुणी पाहायच्या?’ (हशा) काका, न्यायालयानेच. मी बापांच्या विरोधात उभी नाही. नोकरी गेली तर पोटगी कमी करायचा अर्ज बापालाही करता येतो. फक्त परस्पर पैसे थांबवू नका. रजनेश विरुद्ध नेहा निकालात, ४ नोव्हेंबर २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावलं. प्रकरण आपल्या नागपूरचं. तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने बाळाला आधी ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५पासून १०,००० दिले होते. म्हणजे वाढ आदेशातच होती!

माझा आग्रह तोच आहे. कन्सेंट टर्म्समध्ये वाढ लिहून घ्या. दरवर्षी १० टक्के धरले, तर ५,०००चे दहा वर्षांत सुमारे १३,००० होतात, तेही पुन्हा कोर्टाची पायरी न चढता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दोनच मिनिटं उरली. शाळेच्या खर्चाचा मुद्दा राहिला, पण हे ऐकूनच जा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४खाली थकलेली पोटगी वसूल करायची, तर ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आज घरी गेलात की कागद काढा आणि आकड्याशेजारची तारीख पाहा. जुनी असेल तर उद्याच वाढीच्या अर्जाच्या तयारीला लागा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि मुलांना तिथे वकील मोफत मिळतो.